पुस्तकाच्या जागी पत्ते

गावाच्या पाणीपुरवठ्याची मोटर चालू-बंद करणारं एक पॅनेल असतं आणि त्या पॅनेलबरोबर एक पुस्तिका येते. ती कुणीतरी बसून लिहिलेली असते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सांगलीतल्या एका कारखान्यात ते काम मी अकरा वर्षं करते आहे. त्याआधी वाईला शाळेत मराठी शिकवत होते. लग्नानंतर इकडे आले आणि पॅनेलवर ‘सात’ आकडा आला तर काय करायचं, हे चार ओळींत कसं सांगावं याचा विचार करू लागले.

हे काम मला कधी हलकं वाटलं नाही. माझी पुस्तिका वाचणारा माणूस ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा असतो. तो पंपहाऊसमध्ये एकटा उभा असतो, बाहेर नळाला पाणी आलं नाही म्हणून लोक खोळंबलेले असतात आणि त्याला एकच प्रश्न पडलेला असतो: आता हे बटण दाबू की नको? त्याला ते पहिल्याच वाक्यात कळलं पाहिजे. त्यासाठी मी वाक्यं तोडत, जोडत, पुन्हा तोडत बसते.

पूर्वी पुस्तिका छापून पेटीत घालत असू. मग पॅनेलवर क्यूआर कोडचं स्टिकर आलं. मोबाइल धरला की आमच्या वेबसाइटवरची ताजी पुस्तिका उघडायची. त्यासाठी आमच्या विभागात एक नवी सहकारी आली. मिरजेची. तिच्या घरी तंबोरे घडवतात. ती मात्र कॉम्प्युटर शिकली होती. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण कामात माझ्याहून शिस्तीची. तिनं अशी व्यवस्था लावली की मी मजकुरात एक शब्द बदलला की सर्व्हर आपोआप पुस्तिका नव्यानं बांधायचा आणि वेबसाइटवर चढवायचा. याला आम्ही ‘बिल्ड’ म्हणायचो. माझी चूक सकाळी लक्षात आली की चहाच्या आत गावोगावच्या मोबाइलवर दुरुस्त झालेली असायची. छापखान्याच्या काळात त्याला सहा महिने लागत.

आता आपोआप चढवायचं म्हणजे त्या मशीनला वेबसाइटचं दार उघडता आलं पाहिजे. तिथेच सगळं बिघडलं.

आमच्या तांत्रिक विभागाचे प्रमुख, त्यांना सगळे साहेब म्हणतात, यांनी तिला स्वतःच्या खात्याचा पासवर्ड दिला आणि सांगितलं, “स्क्रिप्टमध्ये टाकून दे, विषय संपव.” स्क्रिप्ट म्हणजे मशीननं काय-काय करायचं याची यादी असलेली साधी फाइल. ती पुस्तिकांच्या फोल्डरमध्येच असायची आणि कुणीही उघडून वाचावी अशी. साहेबांच्या खात्यानं वेबसाइट तर उघडायचीच, शिवाय गिऱ्हाइकांची यादी उघडायची, आणि ज्या पॅनेलमध्ये सिमकार्ड आहे त्यांची सेटिंगसुद्धा इथे बसून बदलता यायची.

तिनं मला ती ओळ दाखवली. पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला होता, अवतरणचिन्हांत.

“ताई, मला फक्त पुस्तिका चढवायचीय,” ती म्हणाली. “त्यासाठी मशीनला एक वेगळी किल्ली पाहिजे. तिनं पुस्तिकेचीच जागा उघडावी, दुसरं काही नाही. आणि ती फाइलमध्ये नको, सर्व्हरच्या बंद कप्प्यात पाहिजे. बिल्डच्या वेळी मशीननं तिथून घ्यायची आणि काम झालं की विसरायची. शिवाय हे बघा.”

तिनं बिल्डची नोंद उघडली. मशीन आपण काय केलं ते ओळीओळीनं छापतं, त्याला लॉग म्हणतात. त्या लॉगमध्येही पासवर्ड उघडा छापलेला होता. प्रत्येक बिल्डला एकदा.

तिनं साहेबांना ईमेल केली. उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी दुसरी केली. त्यावर साहेब तिच्या टेबलापाशी येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “आपण काय बँक चालवतोय का? पुस्तिका आहेत त्या. कोण येतंय बघायला?” तिसरी ईमेल तिनं कन्नड पुस्तिकेचं काम सुरू व्हायच्या आधी केली. त्यात तिनं लिहिलं होतं की फोल्डर आता बाहेरच्या माणसाकडे जाणार आहे, तेव्हा निदान त्याआधी तरी पासवर्ड काढू द्या. मला प्रत होती. मी ती वाचली आणि माझ्या कामाला लागले. कबूल करायचं तर सगळ्यात आधी हेच कबूल करायला पाहिजे.

जत भागातल्या आणि त्यापलीकडच्या गावांसाठी कन्नड पुस्तिका हवी होती. ती करून देणारे एक निवृत्त शिक्षक जतच्या पुढे राहतात. भला माणूस. एकेका शब्दासाठी मला तीन-तीन फोन करायचे. त्यांना कुठल्या फाइल पाठवायच्या हे विचारायला मी साहेबांना फोन लावला. ते गाडीत होते.

“अख्खं फोल्डर पाठवा हो. निवडत कशाला बसताय?”

“त्यात स्क्रिप्ट आहे, सर. त्यात तुमचा...”

“मास्तर काय करणार आहेत त्याचं? पाठवून द्या, आज जाऊ दे.”

मी पाठवलं. मला माहीत होतं आणि मी पाठवलं. निवडून वेगळ्या फाइल काढायला मला वीस मिनिटं लागली असती.

मास्तरांच्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर नीट उघडेना. त्यांच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये त्यांना कुणीतरी मदत केली आणि प्रोग्राम लिहिणारे लोक आपलं काम जिथे ठेवतात अशा एका फुकटच्या साइटवर ते चढवून दिलं. तिथे आपण बंद केलं नाही तर ते सगळ्या जगाला उघडं असतं. मास्तरांना ते कळायचं काही कारण नव्हतं. अशा उघड्यावर पडलेल्या किल्ल्या शोधत फिरणारे प्रोग्राम असतात. त्यांना ना जत माहीत असतं ना सांगली. ते फक्त गोळा करतात.

पुढच्या आठवड्यात सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पुस्तिकेच्या शेवटी जो नंबर असतो तो माझ्याकडेच वाजतो.

“आवं बाई, त्ये ठिपक्यांचं चौकोन मोबाइलनं धरलं तर पुस्तक न्हाई येत,” पलीकडून आवाज आला. “पत्ते येत्यात.”

“कसले पत्ते?”

“रमीचं. एक बाई बी हाय पत्ते धरून.”

हे लिहिताना लाज वाटते, पण मी हसले.

“हसू नगा बाई,” तो माणूस म्हणाला. “मोटर जळलीया.”

तो औंधच्या बाजूच्या एका गावात पाणी सोडायचं काम करतो. पन्नाशी उलटलेला असावा. त्यानं शांतपणे, एकेक करत सगळं सांगितलं. दोन दिवसांपूर्वी पॅनेल बंद पडलं आणि ‘सात’ आकडा आला. सातचा अर्थ त्याला नेमका आठवेना. चार म्हणजे व्होल्टेज कमी, थांबून चालू करायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं मोबाइल काढून स्टिकरवर धरला. रमीचा खेळ आला. बंद करून परत धरला. परत रमी. चार वेळा त्यानं केलं. तेवढ्यात पाणी का नाही म्हणून ग्रामपंचायतीचा एक सदस्य पंपहाऊसमध्ये आला आणि त्यानं ह्याच्या हातातला मोबाइल बघितला.

“मग म्या घाईनं रिसेट मारलं. तीनदा मारलं. तिसऱ्या टायमाला वास आला.”

सात म्हणजे विहिरीतलं पाणी खाली गेलंय, मोटर कोरडी चालेल, रिसेट करू नका, पातळी वर येईपर्यंत थांबा. ते वाक्य मीच लिहिलं होतं. सातच्या पानावर पहिलंच वाक्य होतं: ‘मोटर पुन्हा चालू करू नका.’

“मोटर व्हईल वो वाइंडिंग करून,” तो म्हणाला. “पर गावात काय झालंय, ठावं हाय का? समदी म्हनत्यात, ड्युटीवर रमी खेळत बसला अन् मोटर जाळली. बावीस वरसं झाली मला. म्या कवा पत्ता हातात धरला न्हाई. माजी सून माज्यासंगं बोलंना.”

मी एवढंच म्हटलं की बघते.

“बघू नगा. कागूद द्या,” तो म्हणाला. “कंपनीच्या कागदावर लिवून द्या, की पत्ते तुमच्याकडनं आलं.”

मी फोन ठेवला आणि स्वतःचा मोबाइल टेबलावरच्या नमुना पॅनेलवर धरला. रमी आली. बाईही होती.

सहकारिणीला हाक मारली. तिनं अर्ध्या मिनिटात पाहिलं, खुर्चीवरून उठली आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. काचेतून मला दिसत होतं. साहेब आधी हात हलवत होते, मग त्यांनी मोबाइल पाहिला, मग बसले. बाहेर येऊन त्यांनी हुकूम सोडला, “त्या स्क्रिप्टमधून माझा पासवर्ड आत्ताच्या आत्ता पुसून टाका.”

“पुसून उपयोग नाही, सर,” ती म्हणाली. “फोल्डरच्या जुन्या नोंदीत तो राहतोच, आणि बाहेर गेलेला गेला. तो पासवर्डच रद्द करायला लागेल. आत्ता. आणि तेवढ्या दिवसांत त्या खात्यानं कुणी काय-काय उघडलं तेही बघायला लागेल.”

पासवर्ड रद्द झाला, पुस्तिकांची साइट बंद ठेवली. सेटिंगला कुणी हात लावला नव्हता. ते पत्तेवाले बहुधा आपला खेळ लावायला फक्त जागा शोधत होते. पण हे कळेपर्यंत ती आणि मी एकेका पॅनेलची नोंद तपासत होतो. कुणी दुरून सेटिंग बदलली आणि त्याच वेळी कुठे माणूस मोटरपाशी उभा असेल, कुठे कुणाचा हात तारेला लागलेला असेल, असलं काहीबाही माझ्या मनात येत राहिलं. तिच्या तर येतच असणार, कारण तिनं हे आधीच लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. त्यांच्यासमोर एक टाइप केलेला कागद होता. त्यांनी तो तिच्याकडे सरकवला.

“बिल्डची जबाबदारी तुझी. मालकांना काहीतरी दाखवायला लागेल. सही कर.”

तो माफीनामा होता. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ अशी त्याची सुरुवात होती.

ती तो वाचत राहिली. मी म्हणाले, “सर, फोल्डर मी पाठवलं.”

“तुमचा काय संबंध?” साहेब म्हणाले. “तुम्ही लेखनवाल्या. यातलं तुम्हाला काय कळतंय?”

“पासवर्ड त्यात आहे हे मला माहीत होतं. मी तुम्हाला फोनवर सांगितलंही. तुम्ही म्हणालात, पाठवून द्या.”

“मी असं म्हणालो?”

एवढी चीड मला आयुष्यात फार थोड्या वेळा आली आहे. हा माणूस मला दोषीसुद्धा मानायला तयार नव्हता. माझ्या हातून चूक झाली असं म्हटलं असतं तर मग कुणी सांगितलं, हा प्रश्न आला असता. त्यापेक्षा मला काही कळतच नाही हे बरं. आणि जिला सगळं कळत होतं, जिनं तीनदा लिहून कळवलं होतं, तिनं निष्काळजी म्हणून सही करायची.

मी टेबलावर परत गेले, तिच्या तिन्ही ईमेल छापल्या आणि आणून त्या माफीनाम्यावर ठेवल्या. साहेबांनी त्या वाचल्या नाहीत. कडेनं उचलून नीट लावल्या आणि बाजूला ठेवल्या.

“बरं, सहीचं नंतर बघू,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तुम्ही तुमचं काम करा. एक सूचना लिहा. काही तांत्रिक अडचणींमुळे पुस्तिका तात्पुरत्या उपलब्ध नाहीत, गैरसोयीबद्दल दिलगीर.”

“तांत्रिक अडचण कुठली, सर?”

“तेच लिहायचं असतं.”

“औंधकडच्या त्या माणसाला पत्र पाहिजे.”

“पत्र-बित्र काही नाही. उद्या मोटरची भरपाई मागतील. असं कुणाला काही लिहून द्यायचं नाही.”

मी जागेवर येऊन बसले. ‘तांत्रिक अडचण’ हे शब्द टाइप केले. अकरा वर्षं मी एकच गोष्ट सांभाळली होती, की पंपहाऊसमध्ये उभ्या असलेल्या माणसाला खोटं किंवा अर्धवट काही सांगायचं नाही. आता तेच माझ्या हातून लिहून घेत होते. मी ते शब्द खोडले आणि लिहिलं: ‘आमच्या वेबसाइटचा पासवर्ड आमच्या चुकीमुळे बाहेर गेला. त्यामुळे काही दिवस पुस्तिकेच्या जागी जुगाराचं पान दिसत होतं. पॅनेलवर सात आकडा आला असेल तर मोटर पुन्हा चालू करू नका. इतर आकड्यांसाठी खालच्या नंबरवर फोन करा.’

साहेबांनी पहिली दोन वाक्यं काढली आणि त्यांचीच ओळ घातली. सातचं वाक्य राहू दिलं.

त्या दुपारी सहकारी माझ्याजवळ येऊन बसली. “ताई, त्या माणसाला पत्र कोण देणार?” तिनं विचारलं.

“मी देते.”

“कंपनीच्या कागदावर?”

“माझ्या कागदावर. पुस्तिका मी लिहिते. तेवढं तर मी म्हणू शकते.”

“मग तांत्रिक भाग मी सांगते. बरोबर लिहा,” ती म्हणाली आणि शेजारी बसून तिनं एकेक वाक्य माझ्याकडून साधं करून घेतलं. कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत स्टिकर धरल्यावर तो खेळ उघडत होता, त्यात मोबाइलवाल्याचा काहीही हात नव्हता, कुणीही धरला असता तरी तेच दिसलं असतं. खाली मी सही केली. मग तिनंही केली. मी नको म्हणत होते.

रविवारी मी विट्याला एसटी बदलून पुसेसावळीवरून त्या गावाला गेले. पिशवीत पत्र होतं आणि छापील पुस्तिकेच्या जुन्या गठ्ठ्यातल्या शिल्लक प्रती होत्या. तो माणूस स्टँडवर उभा होता. उंच, वाळलेला, कपडे धुवट. मी नमस्कार केला. त्यानं केला, पण हसला नाही.

“चहा घ्याल?” त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ग्रामपंचायतीकडे चालू लागला.

ऑफिसात पाच-सहा जण होते. पंपहाऊसमध्ये आलेला तो सदस्यही होता. मी पत्र वाचलं. मला वर्गात वाचायची सवय आहे, तसंच सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर मी माझा मोबाइल काढून त्या बंद ठेवलेल्या पानाचे आम्ही जपून ठेवलेले फोटो दाखवले. बाई, पत्ते, सगळं.

सदस्यानं मोबाइल हातात घेतला. बराच वेळ बघितला.

“ह्ये तुमच्या कंपनीचं पान?”

“हो.”

“अन् तुमी कुलूप लावलं नव्हतं?”

“कुलूप होतं. किल्ली आम्ही उघड्यावर टाकली.”

“कुणी टाकली?”

“मीही टाकली,” मी म्हणाले. “मी पाठवली.”

कुणीतरी हसलं. पाणी सोडणाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. मग पाणी सोडणारा सदस्याकडे वळून म्हणाला, “आता बोल की. त्या दिवशी चौकात लय बोलत व्हतास.”

सदस्यानं खुर्ची ओढून त्याला बस म्हटलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. मला वाटलं होतं निदान एवढं तरी होईल. पाणी सोडणाऱ्यानं पत्र घडी करून वरच्या खिशात घातलं आणि म्हणाला, “घरी दाखवतो.” निघताना मी पुस्तिका दिल्या. एक त्यानं उघडली, सातचं पान काढलं, पहिलं वाक्य बोट ठेवून वाचलं.

“ह्येच पायजे व्हतं त्या टायमाला,” तो म्हणाला. त्यात राग होता, आणि तो रास्त होता.

सांगलीला आल्यावर दोन गोष्टी झाल्या. मला पत्राबद्दल लेखी समज मिळाली. ती मी घरी ठेवली आहे. आणि सहकारिणीनं दीड दिवसात ती सगळी व्यवस्था लावली जी तिनं पहिल्या ईमेलमध्ये सुचवली होती. मशीनला स्वतःची वेगळी किल्ली, पुस्तिकेपुरतीच. ती बंद कप्प्यात. लॉगमध्ये तिच्या जागी फक्त चांदण्यांची चिन्हं छापली जातात. ठरावीक दिवसांनी ती आपोआप बदलते. फोल्डरमध्ये कुणी चुकून पासवर्ड लिहिला तर बिल्ड तिथेच अडतो आणि कारण सांगतो. बाहेरच्या माणसाला फक्त मजकूर जातो, स्क्रिप्ट जात नाही. दीड दिवस. हेच काम करायला तिला तीन महिने परवानगी मिळत नव्हती.

ते पूर्ण करून, कसं चालतं याची चार पानं लिहून तिनं माझ्याकडून तपासून घेतली, आणि मग राजीनामा दिला. माफीनाम्यावर तिनं सही केली नव्हती, पण तो कागद साहेबांच्या खणात होता आणि तिला ते माहीत होतं. आता ती साताऱ्याला काम करते. मास्तरांना तिनंच फोन करून ते फोल्डर कसं काढायचं ते सांगितलं. तुमची काही चूक नाही, हेही. मास्तर माझ्याशी बोलताना अजून अवघडतात.

मध्यंतरी इथल्या कारखानदारांच्या एका मेळाव्यात साहेबांचं भाषण झालं. विषय होता, छोट्या उद्योगांनी पासवर्ड कसे सांभाळावेत. ‘आम्ही आमच्याकडे अशी पद्धत बसवली’ असं म्हणून त्यांनी पडद्यावर तीच चार पानं दाखवली. वाक्यं माझ्या ओळखीची होती, पूर्णविरामांसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होते. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला आणि ही पद्धत कुणी लिहिली असं विचारलं. साहेब म्हणाले, “टीमनं.”

“टीममधल्या कुणी, सर?” मी परत विचारलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा हात निवडला.